ब्राउझरमध्ये रेडिओ वाजत नाही, अडखळतो, मधेच थांबतो: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत एक तक्रार इतक्यांदा आली आहे, की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकल्याबरोबर पुढचे प्रश्न ओठावर येतात: "अहो, कॉम्प्युटरवर रेडिओ लावत होतो, आता लागतच नाही." असा फोन करणारे बहुतेक जण दिवसभर एकटे असतात. घरी राहणारी आजी, शिलाई मशीनवर बसलेले टेलरमामा, गिऱ्हाइकाची वाट बघणारा दुकानदार. त्यांना त्या आवाजाची सोबत असते आणि तो बंद पडला की दिवस सरत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहितोय. आधी खुर्चीतून न उठता, फुकटात होणाऱ्या गोष्टी, खर्चाच्या गोष्टी शेवटी.

लक्षणं

आधी आपलं दुखणं यातलं कुठलं ते ओळखा:

- प्लेचं बटण दाबलं तरी काहीच होत नाही, किंवा गोल नुसतं फिरत राहतं.
- प्लेअरवर सेकंद पुढे सरकतात, पण आवाज नाही.
- आवाज येतो, पण तुटक. चार शब्द, थांबा, पुन्हा चार शब्द.
- वीस-पंचवीस मिनिटं छान चालतं आणि मग गप्प होतं. पान पुन्हा उघडलं की चालू.
- आवाज येतो, पण जुन्या टेलिफोनवरून यावा तसा चपटा.
- दिवसातल्या ठरावीक वेळीच बिघडतं.

शेवटचं लक्षण लोक सांगायला विसरतात. मी ते सगळ्यात आधी विचारतो, कारण ठरावीक वेळी येणाऱ्या बिघाडाचं कारण जवळजवळ नेहमीच रेडिओच्या बाहेर सापडतं.

पहिली दोन मिनिटं: बिघाड कुणाच्या बाजूला आहे?

त्याच ब्राउझरमध्ये दुसरं एखादं स्टेशन लावा. मग मोबाइलचं वाय-फाय बंद करून, मोबाइलच्या नेटवर तेच पहिलं स्टेशन लावा.

दुसरं स्टेशन लागलं आणि पहिलं मोबाइलवरही लागत नसेल, तर बिघाड स्टेशनकडे आहे. तुमच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, तास-दोन तास थांबा. मोबाइलवर लागतं पण कॉम्प्युटरवर एकही स्टेशन लागत नाही, तर पुढे वाचा. ही पायरी सोडून थेट विंडोज नव्याने टाकून घेतलेले लोक माझ्याकडे आलेले आहेत. पैसे गेले, फोटो गेले आणि स्टेशन दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झालं.

आता पडद्याकडे बघा. आवाज स्टेशनकडून नेटवर, नेटवरून ब्राउझरमध्ये, ब्राउझरमधून विंडोजमध्ये आणि तिथून स्पीकरमध्ये येतो. सेकंदांचा आकडा सरकत असेल आणि वरच्या टॅबवर छोटा स्पीकर दिसत असेल, तर आवाज ब्राउझरपर्यंत पोचलेला आहे. अडथळा त्यापुढे आहे, नेटला हात लावू नका. आकडाच सरकत नसेल, तर स्पीकरच्या वायरी हलवण्यात अर्थ नाही, ब्राउझर आणि नेट बघा. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

आकडा सरकतोय, आवाज नाही

*आवाज दुसरीकडे जातोय का?* हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडलं आहे. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर क्लिक करा, शेजारी बाण असतो तो दाबा आणि आवाज कुठल्या वस्तूकडे चालला आहे ते वाचा. एचडीएमआय वायरने नवा मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज त्याच्याकडे वळवतं, आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर तो आवाज कुठेच ऐकू येत नाही. ब्लूटूथचंही तसंच. एका आजींचा रेडिओ रोज दुपारी गप्प व्हायचा. नातू शाळेतून यायचा, दप्तर टाकायचा, डबीतून इअरबड काढायचा आणि कॉम्प्युटर ते इअरबड ओळखून आवाज तिकडे पाठवायचा. आजी स्वयंपाकघरात, रेडिओ नातवाच्या कानात, आणि नातू मोबाइलवर खेळत असल्याने त्याला वाटायचं की हा मोबाइलचाच गोंधळ आहे. त्या कॉम्प्युटरच्या ब्लूटूथ यादीतून ते इअरबड काढून टाकले आणि प्रश्न मिटला.

*टॅब मुका केलाय का?* टॅबवरच्या स्पीकरवर काट आहे का बघा. असेल तर टॅबवर उजवं क्लिक करून आवाज सुरू करा. क्रोममध्ये २०१८ पासून हा पर्याय एका टॅबपुरता नाही, पूर्ण साइटपुरता चालतो आणि लक्षातही राहतो. कुणी महिन्यापूर्वी चुकून दाबलं असेल, तर आजही ती साइट मुकीच राहते.

*व्हॉल्यूम मिक्सर.* त्याच कोपऱ्यातल्या स्पीकरवर उजवं क्लिक करून मिक्सर उघडा. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा ठेवतं. बाकी सगळं शंभरवर आणि ब्राउझर एकटा शून्यावर, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

यानंतर स्पीकरचं स्वतःचं बटण, त्याचा दिवा, मागची पिन. पिन हिरव्या भोकात हवी, गुलाबी भोक माइकचं असतं.

*टेलिफोनसारखा आवाज* येत असेल, तर तो बहुतेक वेळा ब्लूटूथ हेडफोनवर येतो. हेडफोनचा माइक वापरात आला की पुष्कळ हेडफोन संगीताची पद्धत सोडून फोनच्या संभाषणाची पद्धत धरतात, आणि त्यात आवाजाचा दर्जा खूप उतरतो. मागे कुठल्या तरी टॅबमध्ये मीटिंग किंवा ऑनलाइन क्लास उघडा राहिला आहे का बघा. तो बंद केला की गाणं पुन्हा भरीव होतं. नाहीतर साउंडच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडून ठेवा.

आकडाच सरकत नाही

*पान उघडलं, पण आपोआप सुरू होत नाही.* हा बिघाड नाहीच. एप्रिल २०१८ मध्ये क्रोमने आणि २०१९ मध्ये फायरफॉक्सने नियम केला, की पानावर माणसाने काही दाबल्याशिवाय आवाज आपोआप सुरू करायचा नाही. जाहिरातींचा कलकलाट थांबवायला ते बरंच झालं, पण "कॉम्प्युटर सुरू केला की रेडिओ वाजायचा, आता वाजत नाही" ही तक्रार तेव्हापासूनची आहे. पानावर एकदा क्लिक करा, प्ले दाबा. कायमची सोय हवी असेल, तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून साइट सेटिंग्जमध्ये जा आणि "साउंड"समोर परवानगी द्या. फायरफॉक्समध्ये त्याच जागी ऑटोप्लेची परवानगी असते.

*खासगी खिडकीत लावून बघा.* इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडो उघडून तेच स्टेशन लावा. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीजही, म्हणजे साइटने साठवलेली माहितीही, नसते. तिथे वाजलं, तर दोष तुमच्या एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा साठलेल्या माहितीचा आहे. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन हे पहिलं संशयित: काही स्टेशनं आधी छोटी जाहिरात वाजवतात, एक्स्टेन्शन ती अडवतं आणि प्लेअर जाहिरात संपण्याची वाट बघत बसतो. ते एक्स्टेन्शन सगळीकडे बंद करू नका, फक्त त्या साइटपुरतं करा.

*तारीख आणि वेळ.* याची जागा इतकी वर का, ते एका उदाहरणावरून सांगतो. एक निवृत्त शिक्षिका बाई, जुना डेस्कटॉप, रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय. रोज सकाळी रेडिओ लागेना, कुठलीच साइट धड उघडेना. दोघांनी नेट बदलायला सांगितलं होतं. मी गेलो आणि खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचली: कित्येक वर्षं मागची. साइट सुरक्षित असल्याचा जो दाखला ब्राउझर तपासतो, त्याला सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते. कॉम्प्युटरला वाटत होतं की आपण जुन्या काळात आहोत, म्हणजे दाखला अजून सुरूच झालेला नाही. म्हणून तो जोडणीच नाकारत होता.

मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, नंबर सीआर २०३२. वीज पूर्ण बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. तो उतरला की रोज सकाळी तारीख मागे जाते. चाळीस-पन्नास रुपयांचा सेल. वीज बंद करून, वायर काढून, बाजूची चिमटी नखाने दाबली की जुना सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अक्षरं वरच्या बाजूला ठेवायची. डेस्कटॉपची कॅबिनेट आधी कधी उघडली असेल तर हे घरी करा. लॅपटॉप मात्र उघडू नका.

*जुनं विंडोज.* विंडोज ७ वर क्रोम १०९ या आवृत्तीला थांबलं आहे, २०२३ च्या सुरुवातीपासून पुढची आवृत्ती येत नाही. काही नवे प्लेअर अशा ब्राउझरवर मुकाट उभे राहतात. अपडेट होत असेल तर करा.

*जुन्या पद्धतीची लिंक.* काही छोटी स्टेशनं अजून सुरक्षित नसलेल्या पत्त्यावरून आवाज पाठवतात, पुष्कळदा ८००० नंबरच्या पोर्टवरून. पोर्ट म्हणजे नेटवरच्या ये-जाचं नंबर दिलेलं दार. सुरक्षित पानात असा आवाज आला तर आजचे ब्राउझर तो सुरक्षित पत्त्यावर शोधतात आणि नाही मिळाला तर सोडून देतात. ऑफिस, हॉस्टेल, हॉस्पिटलच्या नेटवर तर ते पोर्टच बंद असू शकतं. तपासायला व्हीएलसी हा गाणी-व्हिडिओ वाजवणारा प्लेअर उघडा, त्यात नेटवर्क स्ट्रीम उघडायचा पर्याय आहे, तिथे लिंक टाका. व्हीएलसीत वाजलं तर तिथेच ऐकत राहा, ब्राउझरशी झगडू नका. ऑफिसात व्हीएलसीतही वाजलं नाही, तर तो तिथला नियम आहे.

पैसे भरून घेतलेल्या गाण्यांच्या सेवांचं वेगळं: त्यांना ब्राउझरमध्ये "संरक्षित मजकूर" वाजवायची परवानगी लागते. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ती परवानगी डीआरएम या नावाने असते, ती चौकट टिक केलेली आहे का ते बघा.

अडखळतो, थांबतो

"नेटचा वेग तर भरपूर आहे" असं इथे प्रत्येक जण म्हणतो. रेडिओला वेग फार लागतच नाही. १२८ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटचं, स्टेशन सेकंदाला १६ किलोबाइट मागतं (आठ बिटांचा एक बाइट), तासाला साधारण ५८ एमबी. साधं कनेक्शनही त्याच्या कितीतरी पट देतं. रेडिओला लागतो तो सलगपणा. वेगाची चाचणी काही सेकंदांत होते, रेडिओ मात्र तासन्‌तास चालतो आणि मधल्या दहा सेकंदांचा खंडही त्याला जाणवतो.

टेलरमामांची गोष्ट इथली. दुकानात जुना लॅपटॉप, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, सकाळी नऊपासून विविध भारती. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास रोज अडखळायला लागायचा. मी तिथे जाऊन बसलो. पायाखाली मशीनची पट्टी खटखटत होती, मामा पँटची शिवण मारत होते, आणि सव्वासहाला गाणं तुटायला लागलं: दहा सेकंद गाणं, तेवढीच शांतता. मामांच्या मोबाइलवर मेसेज आलेला होता: आजचा डेटा संपला. बऱ्याच प्रीपेड पॅकमध्ये रोजचा कोटा संपला की नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. १२८ चं स्टेशन ६४ च्या वेगात लावलं, तर एका सेकंदाचं गाणं यायला दोन सेकंद लागणार. म्हणून निम्मं गाणं, निम्मी शांतता. मध्यरात्री कोटा पुन्हा भरतो, त्यामुळे सकाळी सगळं ठणठणीत.

पण हिशोब जुळेना. दहा तास रेडिओ म्हणजे ६०० एमबीच्या आत आणि पॅक दीड जीबीचा. उरलेला डेटा लॅपटॉपवर विंडोज अपडेट्स खात होते. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटपुढे "मीटर्ड कनेक्शन" सुरू केलं, म्हणजे विंडोजला कळतं की हे नेट मोजून मापून आहे. दुसऱ्या दिवशी रात्री दुकान बंद होईपर्यंत रेडिओ चालला. अपडेट कायम अडवून ठेवायचे नाहीत, घरच्या नेटवर आठवड्यातून एकदा होऊ द्यायचे, हेही मामांना सांगितलं. कोटा संपलाच, तर स्टेशनची ३२ किंवा ४८ केबीपीएसची लिंक असेल ती लावा, ती ६४ च्या वेगात चालून जाते.

*घरचं वाय-फाय.* राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी जिन्याखाली असेल तर आधी उघड्यावर आणा. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ब्लूटूथही वापरतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. जेवण गरम करतानाच रेडिओ अडखळत असेल तर कारण समोरच आहे. राउटरला ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं दिसत असेल तर कॉम्प्युटर त्याला जोडा. त्याची पोच कमी असते, पण त्याच खोलीत चांगलं चालतं. शक्य असेल तर लॅनची वायर लावून एक दिवस ऐका. वायरवर अडखळणं गेलं, तर नेट कंपनीशी भांडू नका, दोष वाय-फायचा आहे.

वायरवरही अडखळत असेल, तर खंड घरात पडतोय की बाहेर, ते पिंगने कळतं. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला सारखी हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. विंडोजची काळी कमांडची खिडकी उघडा, पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता टाका, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि शेवटी डॅश टी. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत. दुसऱ्या खिडकीत तेच, फक्त पत्ता ८.८.८.८, हा घराबाहेरचा, गूगलचा. रेडिओ सुरू ठेवून दहा मिनिटं बघा. अडखळताना दोन्ही खिडक्यांत "टाइम्ड आउट", म्हणजे उत्तर नाही, असं आलं, तर घरातली वायर किंवा राउटर. फक्त दुसरीत आलं, तर बाहेरची लाइन. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. नेट कंपनीच्या माणसाला "स्लो आहे" म्हटलं की तो राउटर बंद-चालू करून निघून जातो, फोटो दाखवला की लाइन तपासतो.

*ठरावीक वेळाने गप्प होतो, पान पुन्हा उघडलं की चालू.* जुन्या पद्धतीच्या स्टेशनमध्ये आवाजाची एकच अखंड जोडणी असते. ती क्षणभर तुटली आणि प्लेअरला पुन्हा जोडायची अक्कल दिलेली नसेल, तर तो तसाच बसून राहतो. एचएलएस नावाच्या नव्या पद्धतीत आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक मागवले जातात, त्यात असा छोटा खंड पचतो. स्टेशनकडे दोन लिंका असतील तर एम३यू८ ने संपणारी निवडा. याच पद्धतीमुळे तो आवाज साध्या रेडिओपेक्षा अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त मागे असतो. वेळेचे ठोके ऐकून त्यावर घड्याळ लावू नका.

गप्प होण्याचं दुसरं साधं कारण, कॉम्प्युटर झोपणं. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीपची वेळ बघा. मोबाइलच्या ब्राउझरवर स्क्रीन बंद झाली की थांबत असेल, तर त्या ब्राउझरसाठी बॅटरी बचत बंद करा.

शेवटचे घरचे उपाय

सगळ्याच प्रोग्रॅमचा आवाज गेला असेल, तर आधी कॉम्प्युटर शटडाउन नाही, रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाउनने सगळं पूर्ण बंद होतंच असं नाही, रीस्टार्टने होतं. मग शोधपट्टीतून सर्व्हिसेस उघडून "विंडोज ऑडिओ" पुन्हा सुरू करा. सतत चरचर येत असेल, तर साउंडच्या सेटिंगमध्ये आपला स्पीकर उघडून ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला साउंडचा भाग चालवायला लागणारा प्रोग्रॅम, टाकायचाच असेल, तर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून टाका. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणारे प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये घेऊ नका, त्यांनी घाण केलेली मशीन मला दर महिन्याला साफ करावी लागतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- पिन हलवली की आवाज येतो-जातो आणि दुसऱ्या स्पीकरवरही तेच होतं. जॅक सैल झाला आहे, डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम आहे. तोवर चालवायला दीडशे-दोनशेचं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं.
- स्पीकरचा अडॅप्टर हात लावता येणार नाही इतका गरम, किंवा जळका वास. बटण बंद करा, पुन्हा लावून बघू नका.
- फायबरच्या मोडेमवर लॉसचा (LOS), म्हणजे लाइनचा सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा. ती बारीक पिवळी वायर काढून पुसू नका, वाकवू नका, कंपनीला कळवा.
- सेल बदलूनही तारीख मागे जाते.
- ब्राउझर आपोआप भलतीच पानं उघडतो. मग हा रेडिओचा प्रश्न राहिलेला नाही. त्या मशीनवर बँकेचं काम करू नका, आधी दाखवून घ्या.

मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका. तो बिलावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्येच बघा. फोनवरच्या माणसाने स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला किंवा दहा रुपये भरायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा, जितकं लवकर तितकी ते अडवता येण्याची शक्यता जास्त.

मशीन घेऊन येताना सोबत एक चिठ्ठी आणा: दिवसातल्या किती वाजता बिघडतं, आकडा सरकतो का, दुसरं स्टेशन लागतं का, मोबाइलवर लागतं का. स्पीकर आणि त्याची वायरही आणा. पुष्कळ जण नुसता लॅपटॉप आणतात, तो माझ्या टेबलावर छान वाजतो आणि घरी नेला की पुन्हा गप्प होतो.